अर्क

"दिगंबर, गाडी घे बाजूला."

मेव्हण्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. "दाजी, आत्ताच थांबलो होतो की."

"तेव्हा मी थांबवली होती. आता पोट थांबवतंय."

परंड्याच्या अलीकडं एक पेट्रोल पंप आहे. तिथला माणूस संडासाची किल्ली मागितली की तोंड वाकडं करतो, पण देतो. बार्शीतून बाहेर पडणाऱ्या सगळ्या रस्त्यांवरची ही माहिती मला तोंडपाठ आहे. कुठल्या धाब्याला मागून दार आहे, कुठल्या पंपावर पाणी असतं, कुठल्या शाळेचा शिपाई सुट्टीच्या दिवशी पण गेट उघडतो. लोक रस्त्यानं जाताना देवळं बघून हात जोडतात, मी टाकी बघून जोडतो.

परत येऊन बसलो तर मंगल, म्हणजे आमची बायको, मांडीवर पेढ्यांचा पुडा धरून खिडकीबाहेर बघत होती. रागावली की ती बोलत नाही, एकदम सूचना देते.

"तिथं गेल्यावर विनोद करायचे नाहीत. पोटाचं तर अजिबात काढायचं नाही. रेणूचं चांगलं जुळतंय."

जुळतच होतं. करमाळ्याच्या माळवद्यांचा श्रीपाद आमच्या रेणुकाला बघून गेला होता. बापलेकांचं कापडाचं दुकान, घर स्वतःचं, पोरगा कमी बोलणारा. त्याला ती पसंत, तिला तो पसंत. आमच्या रेणूनं कुठल्याही पोराबद्दल 'बरा आहे' असं पहिल्यांदाच म्हणलं होतं, आणि म्हणताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. आता फक्त आम्ही जाऊन घर बघायचं आणि मग बैठकीत सुपारी फोडायची. सुपारी फुटली की लग्न ठरलं. म्हणजे त्या दिवशी मला एकच काम होतं, नीट वागायचं.

तसं ते मला अवघडच. माझं बार्शीत फ्लेक्स छपाईचं दुकान. एका नगरसेवकाच्या म्हशीचा वाढदिवस म्हणून मी भर चौकात फ्लेक्स लावला होता, म्हशीला फेटा, आणि खाली शुभेच्छुक म्हणून तिच्यावर रुसलेल्या अख्ख्या गल्लीचे फोटो. म्हैस खूश होती, नगरसेवक नव्हता. गल्लीत आमचं नावच पडलंय. 'सुधाकर पतंगे होय? अर्क आहे तो.'

पण अर्काचं आतडं त्याच्याहून अर्क. सोलापूरच्या डॉक्टरनं दुर्बीण वरून घातली, खालून घातली, रक्त काढलं, आणि शेवटी आनंदानं सांगितलं, "काही निघालं नाही. आयबीएस आहे. तुमचं आतडं चिडतं." म्हणलं, कशानं चिडतं? तर म्हणे, ते तुम्हीच शोधायचं. मग मी शोधत बसलो. गव्हानं चिडतं. हरभऱ्याच्या डाळीनं चिडतं. कच्च्या कांद्यानं, फ्लॉवरनं, रिकाम्या पोटच्या चहानं चिडतं. आणि हे सगळं टाळलं तरी, उद्या कुठंतरी वेळेवर पोचायचंय एवढ्या विचारानं चिडतं. जुन्या काळच्या वरबापासारखं. मानपान जरा चुकला की उठून चाललं.

घरी मी भाकरी, मुगाचं वरण, भात यावर गाडी ओढत होतो. अडचण बाहेरची. शुगर असती तर लोकांनी बिनसाखरेचा चहा अदबीनं आणून दिला असता. हार्टचं असतं तर खुर्ची दिली असती. पोट म्हणलं की लोक हसतात. त्यात मी हसवणारा माणूस, मग आणखी जोरात हसतात. म्हणून मी सांगायचंच सोडलं होतं. खिशात बडीशेपेची पुडी ठेवायची आणि एक बाटली. ओव्याचा अर्क. दोन झाकणं घशाखाली घातली की आत चाललेली मारामारी तेवढ्यापुरती थांबते. शर्टाच्या आतल्या खिशात मावावी म्हणून बाटली चपटी. त्या सकाळी रेणूनंच ती भरून माझ्या हातात दिली होती.

माळवद्यांचं घर चांगलं होतं. पुढं दुकान, मागं राहणं, त्याच्या मागं मोठं परस. तिथं लिंबाचं झाड, कपडे वाळत घातलेले, आणि पार टोकाला एकुलता एक संडास. तिथं जायला स्वयंपाकघरातून जावं लागायचं. मी आल्या आल्या हे हेरून ठेवलं. मंगल कपाटं, पाणी, देव्हारा बघत होती, मी रस्ता बघत होतो.

श्रीपादचे वडील मनोहरराव गरीब माणूस, प्रत्येक वाक्यानंतर बायकोकडं बघून घ्यायचे. घर सगळं वत्सलाताईंच्या हातात. नऊवारीतली उंच बाई, आवाज हळू, पण तिच्या हळू आवाजापुढं पंखा पण हळू फिरत असावा. मला पहिल्यापासून 'भाऊ' म्हणाल्या.

पाटावर बसलो आणि ताट बघून माझा चेहराच उतरला. पुरणपोळी, वर तुपाची धार, शेजारी कटाची आमटी. गहू खाली, हरभऱ्याची डाळ मधे, परत गहू वर. माझ्या सगळ्या शत्रूंनी मिळून एक बैठक घेतली होती आणि तिचं नाव पुरणपोळी ठेवलं होतं. म्हणलं, अर्धीच द्या. वत्सलाताई म्हणाल्या, घर पसंत नाही का? मंगलनं माझ्याकडं असं बघितलं की मी पूर्ण घेतली. घर बघायला आलेल्या मुलीच्या बापानं ताटात पोळी टाकली तर त्याचा अर्थ काय निघतो हे काय मला माहीत नव्हतं? त्यांनी आग्रहानं दुसरी वाढली. मी ती पण खाल्ली. हसत खाल्ली.

मग मी उठलो. आलो. बडीशेप तोंडात टाकली. दिगंबर श्रीपादच्या वडिलांशी सुताचे भाव बोलत होता, त्यात मी एक वाक्य टाकलं आणि परत उठलो. आलो तेव्हा कपाळाला घाम होता, तोंड धुतलेलं होतं, हात जरासा कापत होता. परत बडीशेप. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा स्वयंपाकघरातली एक पोरगी दुसरीला कोपरानं ढोसून हसली, ते मी बघितलं.

बाहेर आलो, लिंबाखाली भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो, आतल्या खिशातून बाटली काढली आणि मान मागं टाकून थेट तोंडाला लावली. झाकणं मोजायची ताकद नव्हती. तोंड पुसलं, वळलो, तर वत्सलाताई हातात वाळलेला टॉवेल घेऊन उभ्या.

"काय आहे ते, भाऊ?"

बाटली लपवायला वेळच नव्हता. जिभेची सवय वाईट. म्हणलं, "अर्क आहे, ताई. आमच्या गावात मला पण अर्कच म्हणतात. अर्कानं अर्क घेतला."

त्या हसल्या नाहीत. टॉवेलाची घडी घातली, मोडली, परत घातली.

"माझा भाऊ पण अर्कच म्हणायचा," त्या म्हणाल्या. "औषधाचा अर्क. असाच परसात यायचा. अशीच बडीशेप खायचा. ताटावरून उठून जायचा, घाम फुटायचा, हात कापायचे. आम्ही सगळे म्हणायचो, त्याला पित्त आहे. पित्त म्हणत म्हणत बेचाळिशीत गेला."

मी बाटलीला झाकण लावलं.

"मी तुम्हाला एकदाच विचारते. खोटं बोललात तर हे लग्न होणार नाही. मला दारूचं भय नाही, दारू लपवणाऱ्या घराचं भय आहे. खरं सांगितलंत तर आपण दोघं मिळून बघू. घेता ना?"

बाटली माझ्या हातात होती. झाकण फिरवून त्यांच्या नाकाखाली धरली असती तर ओव्याचा वास करमाळा बसस्टँडपर्यंत गेला असता. एवढंच करायचं होतं. माझा अंगठा झाकणावर होता. मी ते उघडलं नाही. उलट जोरात आवळलं.

"घेतो, ताई," मी म्हणलं.

त्यांच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. आणि मग त्यांनी जे केलं त्याला माझ्याकडं काही इलाज नव्हता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती ती बाई.

"खरं बोललात, जिंकलात. आता एकादशीला इथं या, बुवांच्या हातनं तुळशीची माळ घाला. माळ घातलेला माणूस दारूला शिवत नाही. त्याच बैठकीत सुपारी फोडू. माझा भाऊ मला धरून ठेवता आला नाही. तुम्हाला नाही जाऊ देणार."

परत येताना परंडा मागं पडल्यावर मी गाडीत सगळं सांगितलं. दिगंबरनं गाडी स्वतःहून बाजूला घेतली.

"तुम्ही आयुष्यात थेंब घेतला नाही," मंगल म्हणाली. "वरातीत लोक तुम्हाला ओढून न्यायचे तरी घेतला नाही. आणि त्या बाईला हो म्हणून आलात?"

"पोटाचं काढू नका म्हणून तूच सांगितलं होतंस."

"म्हणून दारुडा व्हायचं? सरळ सांगायचं की माझं पोट असं आहे."

"सांगितलं असतं. मग पुढचा प्रश्न आला असता."

"कुठला?"

"मुलीला पण आहे का."

मंगलनं पदराचं टोक तोंडात धरलं आणि खिडकीकडं वळली.

आमच्या रेणूचं पोट हुबेहूब माझं. नाक आईचं, रंग आईचा, पोट मात्र बापाचं. डॉक्टर म्हणाला होता, चालतं कधीकधी घराण्यात. कॉलेजला असल्यापासून ती पहिल्या तासाला उपाशी बसायची. आणि मुलगी बघायचा कार्यक्रम तर जणू आमच्या घराण्यावर डूख धरूनच कुणीतरी शोधून काढलाय. कांदेपोहे, चहा आणि जिवाला घोर, तिन्ही एका ट्रेमध्ये. लातूरचे पाहुणे आले तेव्हा ती मधेच उठली, बराच वेळ आली नाही, आली तेव्हा पांढरी पडलेली. त्यांचा निरोप आला, मुलीचं दुसरीकडं लक्ष दिसतंय, आतून फोन करून आली. दुसऱ्या ठिकाणी तिनं स्वतःच खरं सांगितलं. ते समोर हसले, आणि मग समाजात सांगत सुटले की पतंग्यांची पोरगी आजारी आहे, तिला संसार जमायचा नाही. आमचा समाज लहान. एकाच्या घरी शिंकलं की दुसऱ्याच्या घरी वाफ घेतात. करमाळ्यापर्यंत तेवढं कसंबसं पोचलं नव्हतं. श्रीपाद येणार होता तेव्हा तिनं आदल्या दिवसापासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. म्हणून ती पूर्ण वेळ बसली. म्हणून हसली. म्हणून पसंत पडली.

दिगंबर स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. म्हणाला, "पण दाजी, दारू बरी काय त्यापेक्षा?"

"दारू सोडता येते, दिगंबर," मी म्हणलं.

रेणूला सांगितलं तेव्हा ती आधी हसली. पोट धरून हसली, पार खाली बसली. मी पण हसलो. मी बुवांसमोर कसा डोलणार याची नक्कल करून दाखवली. ती हसत हसत गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणजे आता मला तिथं कधीच सांगता येणार नाही ना, पप्पा?" मी म्हणलं, लग्न होऊ दे, महिन्याभरात एखादा चांगला दिवस बघून सांगू. मला तसं खरंच वाटत होतं.

एकादशीला मी करमाळ्यात न घेतलेली दारू सोडली. बुवांनी गळ्यात माळ घातली, मनोहररावांनी माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला, मी त्यांच्या पडलो. सुपारी फुटली. बायकांनी डोळे पुसले. मांस सुटलं, कांदा-लसूण पण सुटला, मनात म्हणलं, चला, आतड्याला तरी बरं. तेवढ्यात वत्सलाताई एक मोठा पेला घेऊन आल्या. म्हशीचं दूध, त्यात चमचाभर तूप.

"ती सुटली की अंगातलं बळ जातं. रोज सकाळ-संध्याकाळ हे घ्यायचं. माझ्यासमोर संपवा."

दूध. गव्हाशी माझी भांडणं होती, डाळीशी वाद होता, पण दुधाशी उघड वैर. एक घोट गेला तरी आतडं पार दावं तोडून पळायचं. चहात सुद्धा मी दोन थेंब टाकून रंग बघायचो. सगळी बैठक माझ्याकडं कौतुकानं बघत होती. मी पेला रिकामा केला.

परसाकडं धावलो तेव्हा मागून त्यांचा आवाज ऐकला. मंगलला समजावत होत्या, "घाबरू नका. सोडल्यावर पहिले काही दिवस असं होतंच. विष बाहेर पडतं."

लग्न वैशाखात झालं. मांडवात लोक मला बाजूला घेऊन विचारायचे, कशी सोडलीत हो, आमच्या भावाला पण सांगा. दोघातिघांनी खरोखर सोडली, असं ऐकतो. श्रावणात वत्सलाताईंनी बार्शीला येऊन मला राखी बांधली. भावाच्या फोटोसमोर त्यांनी मला उभं केलं होतं लग्नात, हा बघ, परत आणला, असं म्हणून. आता मला सांगा, या बाईला कुठला चांगला दिवस बघून सांगायचं? फोनवर रेणू म्हणायची, बरी आहे. बाप म्हणून मी 'बरी' या शब्दाचं वजन करायला शिकलो होतो, दर आठवड्याला तो हलका लागायचा.

पहिल्या दिवाळीला तिला आणायला मी मुराळी म्हणून गेलो. एकटाच, एसटीनं, वाटेतल्या सगळ्या पंपांना मनातल्या मनात रामराम करत.

दार तिनंच उघडलं. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं होतं, तो तसाच राहिला.

वत्सलाताई दुकानात गिऱ्हाईक करत होत्या, तेवढ्यात आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मी हळूच विचारलं, श्रीपादला तरी सांगितलंस का? ती म्हणाली, श्रीपाद चांगला आहे, पण आईपासून काही लपवत नाही. मग म्हणाली, "आणि काय सांगू? हे कुणाकडनं आलं म्हणून विचारलं तर? मग तुमची माळ कसली होती म्हणतील. खोटं बोलून घरात आलेली होईन मी. सासूबाईंना तर त्याचंच भय आहे."

"खातेस काय?"

"सगळं. सगळ्यांबरोबर."

"आणि रात्री?"

"पप्पा, सोडा ना."

बाहेर चपला वाजल्या. ती उठून उभी राहिली, चेहऱ्यावर हसू चढवलं. इतक्या सफाईनं चढवलं की मला वाटलं, आरशात बघतोय.

वत्सलाताई आत आल्या, मला बघून त्यांना खरोखर आनंद झाला. भाऊ, तब्येत सुधारली म्हणाल्या. नव्हती सुधारली, पण त्यांना दिसत होती. मग चुलीशी गेल्या. बोलत बोलत दोन पेले भरले. रेणू फार वाळली, म्हणाल्या, बाहेरचं वारं लागलं असेल नाहीतर दिवस जायच्या आधीचं असेल, म्हणून मी तिला तुमचाच उपाय चालू केला, तुम्हाला मानवला ना.

एक पेला माझ्या हातात दिला, एक तिच्या. वर साय जमलेली. समोर पाट ओढून त्या बसल्या. हात गुडघ्यावर, तोंडावर अशी माया की माझी आई पण माझ्याकडं कधी तसं बघत नव्हती.

मी रेणूकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं डोळे मिटून पेला तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. सराव दिसत होता. मग मी माझा संपवला.

वत्सलाताईंनी पेले विसळायला घेतले. मनोहररावांनी दुकानातून हाक मारली, त्या हात पुसत बाहेर गेल्या. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. थोड्या वेळानं माझ्या कपाळाला घाम आला. तिच्या ओठावर पण घाम होता. परसाचं दार उघडंच होतं. टोकाचा तो एकुलता एक संडास तिथून सरळ दिसत होता.

"जा," मी म्हणलं. "तू जा आधी."

रेणूनं पदरानं माझं कपाळ पुसलं.

"तुम्ही जा, पप्पा," ती म्हणाली. "मला आता थांबता येतं."